नवीन टायर टाकल्यावर चाकांना वजनं लावावीच लागतात का?

मानेवाड्याचा_मन्या (धागालेखक), मंगळवार रात्री ९:४०

राजेहो, एक शंका आहे. जाणकारांनी उजेड पाडावा.

गाडी स्विफ्ट, अलॉयवाली, टायर १८५/६५ आर १५. ५२ हजार किमी झाले म्हणून रविवारी चारही टायर बदलले. दुकान नागपूरच्या रिंग रोडवरचं, नाव लिहीत नाही. पोऱ्याने जुने टायर उतरवले, नवे चढवले, एकेक चाक बॅलन्सिंगच्या, म्हणजे जड बाजू शोधून समोरून वजनाने तोलायच्या, मशीनवर फिरवलं. पुढच्या उजव्याला ५५ ग्रॅम वजन चिकटवलं, पुढच्या डाव्याला २०, मागच्या उजव्याला चक्क ७०. मागच्या डाव्याला काहीच नाही. विचारलं तर म्हणे, "शून्य आलं, याला लागत नाही." वरून मालक म्हणतो, "नवीन टायरला बॅलन्सिंग तसंही लागत नाही साहेब, तुम्ही म्हणून राहिले म्हणून केलं."

मग बावा, लागत नाही तर ७० ग्रॅम कायले लावलं? आणि बिलात वजनाचे पैसे ग्रॅमवर लावले ते वेगळेच.

गावात गाडी लोण्यासारखी चालते. काल वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. ८५ च्या आसपास स्टेअरिंग थरथरायला लागतं. ९५ ला हातात मुंग्या येतात. १०५ च्या पुढे नेली तर पुन्हा कमी होतं! सीटमध्येही बारीक गुणगुण जाणवते. जुन्या टायरला हे नव्हतं.

पुढच्या शनिवारी समृद्धीने शिर्डीला जायचं आहे. सोबत सासूबाई आहेत, त्यामुळे प्रयोग करायची सोय नाही. वजनं खरंच लागतात का, आणि एका चाकाला काहीच न लावणं बरोबर आहे का, एवढं सांगा.

---

तर्रीपोहे, मंगळवार रात्री १०:०५

काऊन टेन्शन घेऊन राहिला बे. आमच्या बाबांनी फियाट २२ वर्षं वापरली. टायर बदलायचे, पंक्चरवाला टॉमी मारून चढवायचा, चार नट आवळायचा, झालं. पचमढीचा घाट चढून आलो त्या गाडीने. वजन-फिजन कोणी पाहिलं होतं? हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत. दोन-तीनशे किमी चालव, टायर आपोआप सेट होतात.

---

गणिताचा_मास्तर, मंगळवार रात्री १०:५०

तर्रीभाऊ, बाबांची फियाट घाटात किती वेगाने जायची? ४०? ५०? उत्तर तिथेच आहे.

मन्याच्या टायरचा व्यास काढला. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, वर-खाली टायरची भिंत प्रत्येकी १२० मिमी. एकूण सुमारे ६२ सेंमी. एका फेरीत गाडी १.९५ मीटर पुढे जाते. १०० किमी वेगाला सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं.

आता समजा रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम जास्त आहे. ३० ग्रॅम म्हणजे सहा चमचे साखर. चाक फिरताना हे वजन बाहेर ओढतं, आणि १०० च्या वेगाला ही ओढ सुमारे ४५ न्यूटन भरते. साध्या भाषेत साडेचार किलो. हा झटका कधी वर, कधी पुढे, कधी खाली, कधी मागे, आणि सेकंदाला १४ वेळा. तेच ४० च्या वेगाला? जेमतेम पाऊण किलो. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग अडीच पट केला की झटका सव्वासहा पट. म्हणून बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये काही कळत नाही आणि बुटीबोरीला मुंग्या येतात.

१०५ नंतर कमी का होतं, हाही चांगला प्रश्न आहे. झोपाळ्याला ठरावीक लयीत धक्का दिला तरच तो चढतो, अवेळी दिला तर चढत नाही. स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये लटकलेल्या चाकाचीही स्वतःची डोलायची लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ च्या दरम्यान. ८५ ते ९५ ला चाकाच्या फेऱ्या १२ ते साडेतेरा होतात. धक्का बरोबर लयीत बसतो. त्याच्या पुढे लय चुकते, थरथर कमी जाणवते. पण झटका कमी झालेला नसतो, वाढलेलाच असतो. तो बेअरिंग आणि बॉल जॉइंट खाऊन राहिलेले असतात. तेव्हा "१०५ ला बरं वाटतं" म्हणून १०५ ने जाऊ नका.

---

पुणेरी_इंजिन, मंगळवार रात्री ११:२०

आधी अलायनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणे, करून घ्यावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. आमच्याकडे टायर बदलले की अलायनमेंट केल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाहीत.

---

हिंगणा_वर्कशॉप, बुधवार सकाळी ६:१५

इंजिनभाऊ, अलायनमेंट करा, पण या रोगावर ते औषध नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहत असेल, टायर एका काठाने झिजत असेल तर अलायनमेंट. ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर बॅलन्सिंग. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर डिस्क पाहा. तीन वेगळे आजार आहेत, एका गोळीने जात नाहीत.

मन्याभाऊ, मी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली. आता भाच्याच्या टायरच्या दुकानात सकाळी दोन तास बसतो, घरी बसवत नाही म्हणून. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. चाकाला वजन लागेलच असं नाही. पण टायर बदलल्यावर प्रत्येक चाक मशीनवर चढवणं लागतंच. मशीन ७० म्हणालं तर ७०, शून्य म्हणालं तर शून्य.

नवा टायर म्हणजे सगळीकडून सारखा, हा मोठा गैरसमज. रबर, कापड, तारांचे पट्टे असे थर ड्रमवर गुंडाळून टायर बांधतात. प्रत्येक थराला कुठेतरी जोड येतो, टोकावर टोक चढतं. तिथे थोडं जड. मग साच्यात शिजवतात. त्याने आकार येतो, पण जोड काही पळून जात नाही. रिमचंही तसंच, ओतीव अलॉय तोळामासा जोखून कोणी ओतत नाही. त्यात व्हॉल्व्ह एकाच जागी. हवेचा दाब दाखवणारा सेन्सर असेल तर व्हॉल्व्हपाशी आणखी ३० ग्रॅमच्या आसपास. रिमची जड बाजू आणि टायरची जड बाजू एकाच अंगाला आल्या तर वजन भरपूर लागतं. समोरासमोर आल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. त्यामुळे मागच्या डाव्याला शून्य येणं अगदी शक्य आहे. बहुतेक मशिनं ५ ग्रॅमच्या आतला फरक दाखवतही नाहीत, सरळ शून्य लिहितात.

पुष्कळ नव्या टायरच्या भिंतीवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हसमोर ठेवून टायर चढवला की वजन कमी लागतं. तुमच्या पोऱ्याने ते पाहिलं का, विचारा. लाल ठिपका वेगळा, तो टायरचा उंचवटा दाखवतो. सगळ्याच टायरला ठिपके असतात असंही नाही.

आता थरथरीचं. एक असंतुलन असं की चाक वर-खाली उड्या मारतं. दुसरं असं की जड भाग आतल्या कडेला एकीकडे आणि बाहेरच्या कडेला दुसरीकडे, तेव्हा चाक डावी-उजवीकडे लुगलुगतं. ते स्टेअरिंगमध्ये येतं. म्हणून मशीन आतलं आणि बाहेरचं असे दोन आकडे दाखवतं, आणि वजन दोन्हीकडे लावावं लागतं. अलॉय बाहेरून खराब दिसतो म्हणून काही पोरं सगळं वजन आत एकाच ओळीत चिकटवतात. उड्या थांबतात, लुगलुग राहते.

स्टेअरिंगमध्ये थरथर म्हणजे बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये म्हणजे मागची. तुम्ही दोन्ही सांगून राहिले, त्यामुळे चारही परत मशीनवर चढवा. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवायला लावा, आत-बाहेर दोन्ही शून्य आले पाहिजे. मग म्हणा, "दादा, नट सैल करून चाक शाफ्टवर अर्धं फिरवा आणि परत आवळून पाहा." बरोबर केलं असेल तर आकडा जवळपास तोच येतो. आकडा उड्या मारत असेल तर चाक मशीनवर मधोमध बसलेलं नाही, चाक शाफ्टवर मधोमध धरणारा शंकू, म्हणजे कोन, चुकीचा किंवा मध्ये कचरा. मग आधीचं सगळं बॅलन्सिंग पाण्यात. हे म्हटल्यावर पोऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहा, तुम्हाला दुकान कळेल.

---

सदरची_सून, बुधवार सकाळी ९:३०

काका, हा प्रतिसाद मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मन्यादादा, ग्रॅमवर पैसे घेणाऱ्यांपासून सांभाळा. मी दर आठवड्याला यवतमाळला जाते-येते. मागच्या वर्षी एका दुकानात माझ्यासमोर चाकाला ८५ ग्रॅम लावलं. मला गाडीतलं फार कळत नाही, पण भाजी घेताना काटा पाहायची सवय आहे. वाकून पाहिलं तर जुन्या वजनांची पट्टी तशीच होती, आणि नव्या पट्ट्या बरोबर तिच्या समोरच्या बाजूला! म्हणजे जुन्या वजनाला तोलायला नवं वजन. त्याला म्हटलं, जुनं काढ आणि परत फिरव. २५ ग्रॅममध्ये काम झालं. पैसे परत देताना तोंड एवढंसं.

तेव्हा जुनी वजनं आधी उपटून टाकायला लावा. समोर उभं राहून.

---

वाडीवाला, बुधवार दुपारी २:१०

मन्या, गाडी शेतात नेतोस का? खरं सांग.

आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, वाडीला. आपल्याकडची काळी माती म्हणजे गोंद. पावसाळ्यात उमरेड, भिवापूरकडे कच्च्यात गाडी घातली की रिमच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी धुवत नाही, तिथे थापा बसतात. वाळल्या की सिमेंट. दोनशे ग्रॅमचा गोळा आरामात मावतो. पाण्याचा फवारा बाहेरून मारला तर जात नाही.

ट्रकचं म्हणाल तर आम्ही पुढच्या दोन चाकांना बॅलन्सिंग करतो, मागच्यांना नाही. ट्रकचा वेग कमी, वजन जास्त, ड्रायव्हरच्या हातात फक्त पुढचं येतं. पण त्याच्यावरून कारला लागत नाही असं कोणी म्हणू नका. तर्री, तुझ्याकडे पाहून बोलून राहिलो.

---

तर्रीपोहे, बुधवार दुपारी २:४०

मी काय गुन्हा केला यार. बरं, मान्य. फियाट ६० च्या वर गेली की दारंच इतकी वाजायची की चाकाचं काही ऐकू यायचं नाही.

पण टायर सेट होतात हे खरं आहे ना?

---

हिंगणा_वर्कशॉप, बुधवार संध्याकाळी ६:००

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड थोडी कमी असते, म्हणून सुरुवातीला जरा जपून चालवायचं. एवढंच सेट होणं. जड बाजू चालवून हलकी होत नाही. गाडी महिनाभर एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटा होतो आणि पहिले काही किमी धडधडतो. ते मात्र गरम झाल्यावर आपोआप जातं. मन्याभाऊंचं ते नाही.

---

मानेवाड्याचा_मन्या, गुरुवार रात्री १०:३०

वाडीवाले, तुम्ही ज्योतिषी आहात का? भिवापूरजवळ आमची चार एकर आहे. ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन काढायला गेलो होतो, गाडी धुऱ्यापर्यंत नेली होती.

आज अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि कामठी रोडवरच्या दुसऱ्या दुकानात गेलो. इथला मिस्त्री वयस्क, कमी बोलणारा. काकांचं सगळं पाठ करून गेलो होतो. त्याला म्हटलं, आधी सगळी वजनं काढा, जुनी-नवी. त्याने चाक उतरवून आडवं केलं, टॉर्च मारला आणि मला बोलावलं.

आत कढईच्या बुडासारखी माती. मागच्या उजव्या चाकात तर मुठीएवढी थाप, तिच्याखाली आधीच्या टायरच्या वेळची वजनाची पट्टी गाडलेली! रिंग रोडवाल्याने मातीसकट आणि जुन्या वजनासकट मशीनवर फिरवलं आणि समोरून ७० ग्रॅम ठोकले. ताई, तुमचाच किस्सा, फक्त वर चिखलाचा मसाला.

मिस्त्रीने प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं, तारेचा ब्रश मारला, जिथे वजन चिकटवायचं ती जागा पेट्रोलच्या चिंधीने पुसली. म्हणे, धुळीवर चिकटवलं तर पट्टी दोन महिन्यांत उडते. मग आकडे आले असे: पुढचं उजवं ५५ वरून २५ (आत १५, बाहेर १०), पुढचं डावं २० चं २०, मागचं उजवं ७० वरून २०.

आणि आता गंमत. मागचं डावं, ज्याला "लागत नाही, शून्य आलं" म्हणाला होता, त्याची माती काढल्यावर मशीन म्हणालं ३५! म्हणजे ते शून्य चिखलाच्या भरवशावर होतं.

अर्धं फिरवून पाहायलाही लावलं. एका चाकाचा आकडा १५ ने बदलला. मिस्त्रीने काही न बोलता कोन बदलला, पुन्हा केलं, जुळलं. नंतर मला म्हणाला, "कोणी शिकवलं?" मी म्हटलं, एसटीवाल्या काकांनी. चहा पाजला राव त्याने.

---

हिंगणा_वर्कशॉप, शुक्रवार सकाळी ६:०५

मी म्हणालो होतो की शून्य येणं शक्य आहे. शक्य आहेच, पण चाक स्वच्छ आहे का, हे आधी विचारायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं. वाडीवाल्यांनी बरोबर बोट ठेवलं.

आणि हे चाक सगळ्यात वाईट होतं, हे लक्षात घ्या. बाकीची चाकं निदान थरथरून सांगत होती. हे गप्प होतं. हायवेवर मातीचा गोळा निसटला असता की त्या क्षणाला ३५ ग्रॅमचा फरक पडला असता, तोही ११० च्या वेगाला.

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला, तेव्हापासून भाच्याच्या दुकानात थरथरीच्या तक्रारी वाढल्या. टायर आधीही असेच होते. ५२० किमी सलग शंभराच्या वर पळवायला आधी रस्ताच कुठे होता? अमरावती रोडवर दर दहा मिनिटांनी ब्रेक लागायचा.

---

पुणेरी_इंजिन, शुक्रवार सकाळी १०:००

उत्तम चर्चा. अवांतर: वजने शिशाची होती की जस्ताची? युरोपात कारच्या चाकांना शिशाची वजने २००५ पासून बंद आहेत. रस्त्यावर पडलेले शिसे घासून मातीत जाते. आणि जाता जाता, टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्यावा.

---

गणिताचा_मास्तर, शुक्रवार सकाळी १०:४५

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो. उरलेल्या २२ टक्क्यांसाठी मन्याच्या खिशात हात घालू नका. दाब बरोबर ठेवणं महत्त्वाचं, आणि तो सकाळी गाडी थंड असताना मोजायचा. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली की रात्री टायर कमी हवेवर पळतो, जास्त वळतो आणि जास्त तापतो.

---

मानेवाड्याचा_मन्या, सोमवार रात्री ८:५०

शिर्डी करून आलो. दर्शन छान झालं.

जाताना १०० ते ११० ठेवली, मर्यादा १२० ची असली तरी. ८५ ला काही नाही, ९५ ला काही नाही. सासूबाई वर्ध्याच्या आधीच झोपल्या त्या जालन्याला उठल्या. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. सिमेंटच्या रस्त्याचा एक घोंघों आवाज येत राहतो, तो आधी थरथर वाटला. पण स्टेअरिंगवर बोट टेकवलं तर बोट स्थिर. डांबरावर आलं की आवाज गेला.

रिंग रोडवाल्याकडेही जाऊन आलो. वजनाचे पैसे परत नाही मागितले, फक्त फोटो दाखवला. म्हणे, "माती तुमची होती साहेब." बरोबर आहे त्याचं.

---

वाडीवाला, सोमवार रात्री ९:१५

आता पुढच्या पावसाळ्यात शेतातून आल्यावर चाक आतून धुवायचं. हात घालून.

---

हिंगणा_वर्कशॉप, मंगळवार सकाळी ६:१०

छान झालं. आणखी एक. चाकं उतरवून चढवली आहेत, तर पन्नास-शंभर किमीनंतर नट एकदा पान्याने तपासले का? आता हजाराच्या वर झाले असतील.

आणि स्टेपनी पाहिली का?

---

मानेवाड्याचा_मन्या, मंगळवार सकाळी ८:२०

काका, नट कामठी रोडवाल्याने शिर्डीला निघायच्या आदल्या संध्याकाळी बोलावून तपासले.

स्टेपनीवर सध्या सासूबाईंची प्रसादाची पिशवी आहे. आताच उचलून पाहिलं. हवा १२.

---

तर्रीपोहे, मंगळवार सकाळी ८:२५

😂😂 आमच्या फियाटच्या स्टेपनीत तरी २० असायची!